कारळ्याची पंगत

येमूल सरांचा मला राग यायचं पहिलं कारण सांगतो. ते फार हळू जेवायचे.

माणूस हळू जेवतो यात दुसऱ्यानं चिडण्यासारखं काही नाही, हे मलाही कळतं. पण त्यांच्या शेजारी माझी बायको जेवायला बसायची, आणि शेजारच्याचं आटोपल्याशिवाय पंगतीतून उठायचं नाही ही आपली रीत. म्हणजे ते जितके हळू, तितकी महानंदाला घरी यायला वेळ. साडेसातला गेलेली बाई पूर्वी सव्वाआठला परतायची, ती पावणेनऊला यायला लागली. मी इकडे एकटा भाकरी मोडत घड्याळाकडे बघत बसायचो.

मी गुरुसिद्ध कोरे. सोलापुरात साखर पेठेत माझं कांडप आहे. तिखट, हळद, मसाले, चटण्या कुटून द्यायचा धंदा, वडिलांच्या वेळेपासूनचा. काळ्या तिळाची चटणी ही आमची खासियत. पुण्याला राहणारी पोरं सुट्टीला आली की जाताना आमच्याकडून किलोभर घेऊन जातात. लग्न झाल्यावर पहिल्याच आठवड्यात महानंदानं ती चटणी भाकरीवर घेऊन खाल्ली आणि म्हणाली, ‘‘हिच्यापुढं भाजी कशाला लागते?’’ तेव्हापासून तिची चटणी मी वेगळी, माझ्या हातानं कुटायला लागलो. पुरुषासारखा पुरुष बायकोसाठी खलबत्ता घेऊन बसतो म्हणून गल्लीत हसायचे. मी म्हणायचो, हसा. एकतीस वर्षं तिच्या ताटात डाव्या बाजूला ती चटणी होती.

मग दोन हजार सदतीस साली वॉर्डाच्या आरोग्य केंद्रात दाहपत्रिका काढायला सुरुवात झाली.

हे प्रकरण मला समजलं तसं सांगतो. चरबीची पेशी म्हणजे तेलाची पिशवी, एवढंच आपण धरून चाललो होतो. ती पिशवी भलतीच बडबडी निघाली. ठासून भरली की ती गुदमरते आणि मदतीसाठी रासायनिक हाका मारायला लागते. त्या ऐकून रक्तातल्या शिपाईपेशी धावत येतात. येऊन बघतात तर शत्रू कुणीच नाही. पण आलेला शिपाई परत जात नाही. तिथंच तळ ठोकतो आणि आसपास जाळपोळ करतो. ताप येत नाही, सूज दिसत नाही, वर्षानुवर्षं आतल्या आत नुसती धग. तिच्यामुळे शरीर इन्सुलिनला दाद देईनासं होतं, साखर चढते, सांधे धरतात, यकृत बिघडतं.

ज्या द्रव्यांमुळे मेथी कडू लागते, हळद पिवळी दिसते, त्यांतली काही या पेशींत शिरून हाकांचं बटण दाबून धरतात, हे शास्त्रज्ञांना पूर्वीपासून ठाऊक होतं. नवं कळलं ते असं, की हे बटण सगळ्यांचं एका जागी नसतं. ज्या द्रव्यानं एकाच्या पेशी गप्प बसतात, त्याच द्रव्यानं दुसऱ्याच्या पेशी बोंब ठोकतात. म्हणून केंद्रात पोटाला सुई लावून चिमूटभर चरबी काढायची, तिच्यातल्या पेशी काचेच्या पट्टीवर शेकडो बारीक खळग्यांत वाढवायच्या, आणि प्रत्येक खळग्यात एकेका वनस्पतीचा अर्क सोडायचा. पेशी पेटल्या की खळगा उजळेल अशी सोय केलेली. दहाव्या दिवशी त्या पट्टीचा फोटो हातात. अंधारा खळगा ते तुमचं औषध, उजळलेला ते विष. लोकांनी तिला दाहपत्रिका नाव ठेवलं, आणि वर्षभरात स्थळं बघताना जन्मपत्रिकेबरोबर तीही मागायला लागले.

महानंदाची साखर आठ वर्षं गोळ्यांना जुमानत नव्हती. गुडघे इतके धरले होते की ती घरचा जिना बसून उतरायची. आम्ही दोघांनी पत्रिका काढली. केंद्रातल्या मुलीनं महानंदाचा फोटो पडद्यावर मोठा करून दाखवला. काळ्याभोर पट्टीवर एक खळगा पणतीसारखा उजळला होता.

‘‘काळे तीळ,’’ ती म्हणाली. ‘‘काकू, घरात तीळ जास्त होतात का हो?’’

महानंदा माझ्याकडे बघून हसली. ‘‘धंदाच तो आहे की आमचा.’’

‘‘मग आजपासून अजिबात बंद. तुमचा गट कारळे. आणि काका, तुमचा तीळ. तुम्ही खा बिनधास्त.’’

एकतीस वर्षं मी बायकोला प्रेमानं, स्वतःच्या हातानं जाळत होतो, हे मला ज्या मुलीनं सांगितलं ती माझ्या लेकीच्या वयाची होती आणि तोवर तिनं पुढच्या माणसाला आत बोलावलंही होतं. बाहेर आल्यावर मी महानंदाला म्हणालो, ‘‘काही खरं नसतं यांचं. यंत्रं बिघडलेली असतात.’’ जिना उतरताना तिनं कठडा धरला.

घरात चार माणसं आणि चार गट म्हटल्यावर एका चुलीवर कोण काय काय रांधणार? म्हणून पेठापेठांतून गटांच्या पंगती निघाल्या. संध्याकाळचं जेवण आपापल्या गटाबरोबर. भाजी-भाकरी-वरण तिथलं, तोंडीलावणं ज्याचं त्यानं घरून न्यायचं. कारळ्याची पंगत आमच्या मागच्याच गल्लीत, समाजमंदिराच्या हॉलमध्ये बसायची. आजोबांच्या काळी कोण कुणाच्या पंगतीला बसतो यावरून माणसाची जात कळायची. ती मोडायला शंभर वर्षं गेली, आणि आता पोटाच्या चरबीवरून नवी उभी राहिली. मला तीळ गटाच्या पंगतीला जाता आलं असतं. मी गेलो नाही. माझं घर असताना मी परक्यांत का जेवू?

महानंदा मात्र गेली, आणि तिला गुण आला. पोटाला टिकलीएवढी एक पट्टी चिकटवायची, ती रोजचा दाहांक सांगते. तो एकसष्टवरून चौतीसवर आला. साखर उतरली. एके दिवशी ती जिना उभ्यानं, धडधडत उतरली आणि खाली येऊन मला म्हणाली, ‘‘बघितलंत?’’

मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. माझ्या मनात पहिली गोष्ट आली ती ही, की हे माझ्या हातून झालेलं नाही.

‘‘वैनी आज लई खुशीत गेल्या की, अण्णा,’’ आमच्या कांडपावर वीस वर्षं मिरचीचे देठ खुडणारी चन्नव्वा एक दिवस म्हणाली. ‘‘केसात गजरा होता.’’

‘‘शनिवारी घालते ती.’’

‘‘आज गुरुवार हाय.’’ चन्नव्वानं देठ खुडणं थांबवलं नाही. ‘‘ते येमूल सर बसतेत म्हणं शेजारी. शाळेत शास्त्र शिकवायचे बघा. बायको गेल्यापासून एकटेच असतेत. गोष्टी लई छान सांगतेत म्हणं.’’

म्हातारीला काडी टाकायची सवयच. पण ठिणगी पडायला माझ्यात कडबा भरपूर होता. त्या संध्याकाळी मी समाजमंदिरावरून चक्कर मारली. खिडकी उघडी होती. महानंदा तिसऱ्या ओळीत बसली होती, शेजारी पांढरा शर्ट घातलेला, काडीसारखा एक माणूस भाकरीचा पापुद्रा सोलून सोलून खात होता आणि काहीतरी विचारत होता. महानंदा हसत होती. तोंडावर पदर धरून, खांदे हलवत. तसं हसताना मी तिला कधी बघितलं होतं ते आठवायचा प्रयत्न केला आणि नीट आठवेना. मी जळलो. दुसरा शब्द नाही.

चार दिवसांनी हे येमूल सर कांडपावर आले. हातात पिशवी.

‘‘नमस्कार कोरे. मी अंबादास येमूल. अक्का तुमचं फार कौतुक सांगतात.’’

अक्का म्हणजे महानंदा. तो तिला अक्का म्हणायचा म्हणून मला धीर यावा, तर सोलापुरात निम्मं गाव निम्म्या गावाला अक्का म्हणतं.

‘‘हे कारळे आणलेत,’’ ते म्हणाले. ‘‘ताजे आहेत. जुन्या कारळ्यांचं तेल खवट होतं, मग द्रव्यही मरतं. तुम्ही घेता ते कधीचे असतात?’’

तीस वर्षं कांडप चालवणाऱ्या माणसाला हा खडूवाला कारळे शिकवत होता. मी म्हणालो, ‘‘आम्ही बघून घेतो.’’ ते गेले. पिशवी तिथंच राहिली. कारळे खरंच ताजे होते, त्यामुळे मला आणखी राग आला.

आता पुढचं सांगायला जड जातं. महानंदाच्या डब्यातली कारळ्याची चटणी मीच कुटून द्यायचो. तेवढं एक काम मी सोडलं नव्हतं. पंगतीचा नियम असा होता की सलग तीन आठवडे दाहांक पन्नासच्या वर राहिला तर माणसाला पंगतीतून काढायचं, नव्यानं पत्रिका काढायची, आणि ती येईपर्यंत घरचं साधं अन्न. कारळे काळे, काळे तीळही काळे. दोन्ही भाजून कुटले की बघून ओळखू येत नाहीत.

पहिल्या दिवशी मी चमचाभर तीळ घातले. नुसते थोडे दिवस ती घरी जेवेल, माझ्यासमोर, एवढंच मला हवं होतं. तिला त्रास होईल हे ठाऊक होतं का? होतं. गुडघ्यांना होईल, साखरेला होईल, हे सगळं ठाऊक होतं. ‘थोडासाच’ असं मी स्वतःला सांगितलं.

आठवडा गेला. आकडा चौतीस. मी निम्मे तीळ, निम्मे कारळे केले. पुन्हा आठवडा गेला, आकडा पस्तीस. आणि महानंदा रोज रिकामा डबा घरी आणायची आणि म्हणायची, ‘‘आजकाल चटणी फार छान होतीय हो तुमची.’’ मी रोज तिच्या पोटावरच्या टिकलीचा आकडा विचारायचो, काळजी असल्यासारखा. ती कौतुकानं सांगायची. पाचव्या आठवड्यात त्या डब्यात तीन भाग तीळ आणि एक भाग कारळे होते. आकडा छत्तीस. माझ्या चटणीत आता तिला जाळायचंही बळ उरलं नाही असं मला वाटायला लागलं, आणि हे वाटून वाईट वाटलं, इतका मी वाहवत गेलो होतो.

एप्रिलच्या एका दुपारी महानंदाचा फोन आला. ‘‘तुम्ही दवाखान्यात या. येमूल सर घरात कोसळलेत. शेजाऱ्यांनी मला बोलावलं.’’

मी गेलो ते अर्धा चिडून. शेजाऱ्यांनी हिला का बोलवावं? अतिदक्षता विभागाबाहेर महानंदा बाकावर बसली होती. आतून डॉक्टर निलोफर बागवान आल्या, पस्तिशीच्या, बोलायला सरळ.

‘‘त्यांच्या स्वादुपिंडाभोवतीची चरबी पेटलीय,’’ त्या म्हणाल्या. ‘‘त्यांच्या पेशींना न चालणारं काहीतरी ते बरेच दिवस खात आलेत, आणि भरपूर. पोटावरची टिकलीही नाही.’’

‘‘उन्हाळ्यात खाज सुटते म्हणून काढून ठेवली होती त्यांनी,’’ महानंदा म्हणाली.

‘‘तेच नडलं. आता असं आहे, प्रत्येक द्रव्याला उतारा आहे. तो त्या द्रव्यालाच पेशीबाहेर रोखतो. पण कोणतं द्रव्य ते कळायला हवं. चुकीचा उतारा दिला तर आग वाढेल. पेशी वाढवून तपासायला दहा दिवस लागतात. माझ्याकडे सहा-सात तास आहेत. ते काय खायचे?’’

‘‘पंगतीतलंच खायचे,’’ महानंदानं बोटांवर मोजलं. ‘‘भाकरी, वरण, शेवग्याची भाजी. सकाळी नुसतं दूध. घरी करतच नव्हते काही. आणि आमची चटणी.’’

‘‘कोणती चटणी?’’

‘‘कारळ्याची. माझ्या डब्यातली. मी चिमूटभर घ्यायची, बाकी सगळी त्यांच्याच ताटात.’’

महानंदा आपल्या ताटात कधीच आधी वाढून घेत नाही. आधी शेजारच्याला, मग उरलं तर तिला. तिच्या माहेरची ती पद्धतच आहे. घरी एकतीस वर्षं तो शेजारचा मीच होतो. पंगतीत मी नसताना डबा उघडला की तो कुणापुढे जाईल, हे लहान पोराला सुचलं असतं. मला सुचलं नाही. आणि खरं सांगतो, त्या क्षणी मला पहिली कळ आली ती अपराधाची नव्हती. माझ्या हातची चटणी ती त्याला वाढत होती, ही होती.

‘‘त्या चटणीत काय काय असायचं?’’

‘‘नुसते कारळे. मीठ, मिरची, लसूण. हे स्वतः कुटतात.’’ महानंदानं माझ्याकडे हात केला. ‘‘सरांना बायको गेल्यापासून तोंडाला चवच नव्हती हो. मीच म्हटलं, आमच्या ह्यांच्या हातची खाऊन बघा. रोज यांचंच सांगत बसायची मी त्यांना, तर हसून हसून पुरेवाट व्हायची. पहिल्या दिवाळसणाला खलबत्ता घेऊन आले होते ते, आमच्या आईच्या घरी चटणी बरी नसते म्हणून.’’

म्हणजे खिडकीतून मी बघितलं ते हसू माझ्यावरचं होतं.

‘‘डबा आहे?’’ डॉक्टरांनी विचारलं.

‘‘सकाळीच घासला. पण त्यात खोट निघायची नाही, डॉक्टर. यांच्या कामावर शंका घेऊ नका.’’

डॉक्टर माझ्याकडे वळल्या. पाणी पिऊन येतो म्हणून कोपऱ्यातल्या नळाशी गेलो आणि ग्लास भरून हातात धरून उभा राहिलो. चार मिनिटं असतील. त्या चार मिनिटांत माझ्या मनात काय आलं ते लपवत नाही. हा माणूस गेला तर पंगतीतली ती जागा रिकामी होईल, आणि कुणाला काही कळणार नाही. असं आलं मनात. येऊन बसलं.

परत आलो तेव्हा डॉक्टर नर्सला सांगत होत्या, ‘‘मग लसणाचा उतारा भरा. जास्त लोकांत तोच निघतो. जुगार आहे, पण थांबून चालणार नाही.’’ नर्स आत निघाली.

‘‘तीळ,’’ मी म्हणालो.

डॉक्टर थांबल्या.

‘‘काळे तीळ. चारात तीन भाग. सव्वा महिना.’’

त्यांनी एक क्षण माझ्याकडे बघितलं, काही विचारलं नाही, आणि धावतच आत गेल्या. दार मिटलं. बाकावर आम्ही दोघंच.

‘‘चुकून पडले?’’ महानंदानं विचारलं.

‘‘नाही.’’

‘‘सरांनी खावेत म्हणून घातले?’’

‘‘नाही. त्यांना तू देतेस हे मला कुठं ठाऊक होतं?’’

तिला उमगायला थोडा वेळ लागला. मग तिनं स्वतःच्या गुडघ्यांकडे बघितलं. ‘‘म्हणजे मला,’’ ती म्हणाली.

‘‘हो.’’

ती उठली आणि दोन बाकं सोडून पलीकडे जाऊन बसली. संध्याकाळी डॉक्टरांनी येऊन सांगितलं की उतारा लागू पडलाय. ते महानंदाला सांगितलं, मला नाही.

येमूल सर नवव्या दिवशी दवाखान्यातून आपल्या घरी गेले. पंगत समितीनं चौकशी लावली, कारण पंगतीत जेवून माणूस मरायला टेकतो म्हटल्यावर बाकीचे घाबरले होते. माझं कांडप सगळ्या पंगतीचे कारळे कुटायचं. मी निकालाची वाट बघत होतो. बुधवारी महानंदा समितीच्या बैठकीहून आली आणि उंबऱ्यातच चपला काढता काढता म्हणाली, ‘‘तुमचं नाव आलं नाही.’’

‘‘कसं नाही आलं?’’

‘‘सर म्हणाले, त्यांनी घरी तिळाचे लाडू खाल्ले. कुणीतरी आणून दिले होते, मोह आवरला नाही. सगळ्यांसमोर हात जोडून माफी मागितली त्यांनी. समितीनं त्यांनाच ताकीद दिली.’’

‘‘त्यांना खरं ठाऊक नाही?’’

‘‘मी सगळं सांगितलंय. दवाखान्यातच.’’

‘‘आणि तरी माझ्यासाठी खोटं बोलले?’’

महानंदानं माझ्याकडे अशी नजर टाकली, जशी खवट खोबऱ्याच्या तुकड्यावर टाकते. ‘‘तुमच्यासाठी कशाला बोलतील? माझ्यासाठी बोलले.’’

तोवर मी जे जळलो होतो ते काहीच नव्हतं. तोवर त्यांच्यात काही नव्हतंच. एक एकटा माणूस होता, आणि नवऱ्याचं कौतुक सांगणारी एक बाई. आता मात्र होतं. ‘सर’ हा शब्द उच्चारताना तिचा आवाज बदलत होता. ते मोठे झाले होते आणि मी त्यांच्या पदराखाली लपलेला माणूस झालो होतो, आणि हे सगळं मी माझ्या खलबत्त्यात कुटून तयार केलं होतं. तीन दिवस मला घास गिळवेना. तीळसुद्धा.

रविवारी संध्याकाळी साडेसातला मी समाजमंदिरात गेलो. चाळीस ताटं मांडलेली. येमूल सर तिसऱ्या ओळीत भिंतीला टेकून बसले होते, आणखीच काडी झालेले. शेजारी महानंदा. मी चपला काढल्या आणि ओळींच्या मधोमध जाऊन उभा राहिलो.

‘‘लाडू-बिडू काही नव्हतं,’’ मी म्हणालो. ‘‘माझ्या बायकोच्या डब्यात तीळ मी घातले. मुद्दाम. ती या पंगतीतून उठावी म्हणून. ते सरांच्या पोटात गेले. सर खोटं बोललेत, मला वाचवायला.’’

येमूल सरांनी तोंडातला घास शांतपणे चावून गिळला, मग म्हणाले, ‘‘कोरे, याची गरज नव्हती.’’

‘‘होती,’’ मी म्हणालो आणि बाहेर पडलो.

दुसऱ्या दिवशी पंगतीचं कुटण गेलं. आठवड्याभरात अर्ध्या पेठेचं गेलं. बायका माझ्या दारावरून पिशव्या घेऊन पुढच्या कांडपाकडे जायला लागल्या आणि जाताना आत डोकावून बघायच्या. ‘‘अण्णा, तोंड शिवून घ्यायचं होतं की,’’ चन्नव्वा म्हणाली, पण ती कामाला येत राहिली. महानंदा माझ्याशी कामापुरतं बोलायची. साडेसातला जायची, पावणेनऊला यायची.

पंधराव्या दिवशी दुपारी मी वर आलो तर ती स्वयंपाकघरात कढई शोधत होती. माझ्याकडे पाठ करूनच तिनं विचारलं, ‘‘का सांगितलंत तिथं जाऊन?’’

मला चांगलं उत्तर देता आलं असतं. मन खात होतं म्हणून, देवाला भिऊन, असं काहीतरी.

‘‘त्यांचे उपकार नको होते,’’ मी म्हणालो. ‘‘तुझ्या नजरेत ते मोठे झालेले मला बघवेना.’’

ती वळली. ‘‘म्हणजे अजून जळलालाव.’’

‘‘हो.’’

‘‘एवढं सगळं करून?’’

‘‘पूर्वीपेक्षा जास्त.’’

तिच्या ओठांचा कोपरा हलला. ते हसू होतं की नाही मला अजून ठरवता आलेलं नाही, कारण तिनं लगेच तोंड फिरवलं आणि कढई गॅसवर ठेवली. ‘‘इकडं या. स्टुलावर बसा. हात मांडीवर ठेवा.’’

मी बसलो.

‘‘आजपासून माझी चटणी मी कुटणार. पण कारळे भाजायचं मला जमत नाही. काल जळले, त्याआधी कच्चे राहिले. तुम्ही नुसतं सांगायचं. हात लावायचा नाही. कशालाच.’’

तिनं कारळे कढईत टाकले. मूठभर नव्हते, चांगले वाटीभर होते.

‘‘एवढे कुणाला?’’ मी विचारलं.

‘‘मला आणि सरांना. डॉक्टरांनी त्यांना परवापासून चटणी खायला परवानगी दिलीय.’’

ती उलथन्यानं कारळे हलवत राहिली. कारळ्यांचा एक क्षण असतो. आधी मातीसारखा कच्चा वास येतो, मग दाणे तडतडायला लागतात, मग एकदम खमंग वास उठतो, आणि त्यानंतर दोन श्वासांत ते जळून कडू होतात. तो क्षण डोळ्यांना दिसत नाही, नुसता नाकाला कळतो, आणि त्या घरात ते नाक फक्त मला होतं. दाणे तडतडले. वास उठला. महानंदा माझ्या तोंडाकडे बघत होती. मी एक श्वास गप्प राहिलो असतो तर आणखी एका श्वासात सगळी वाटी कडू झाली असती. परवा येमूल सरांनी पहिल्या घासाला तोंड वाकडं केलं असतं, आणि चूक तिची ठरली असती, माझी नाही.

‘‘उतरव,’’ मी म्हणालो. ‘‘आत्ता.’’

तिनं कढई खाली घेतली, एक दाणा चिमटीत धरून दाताखाली चावून बघितला, आणि मान हलवली.